मध्यम बांध्याची करवत

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागेच्या आसपास किनाऱ्यावर चढले आणि तेथून दक्षिणेस श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळींना, आंब्या-फणसांना त्याने जे आडवे केले, त्याचा तपशील महसूल खात्याच्या पंचनाम्यांत नमूद आहे. परंतु त्या वादळाचा एक परिणाम कोणत्याही पंचनाम्यात आलेला नाही, तो असा की, ज्या मुलुखातील सुशिक्षित गृहस्थाला तोवर विहिरीवरचा पंप आणि स्वयंपाकघरातला मिक्सर या दोनच यंत्रांच्या दुखण्यांविषयी अधिकारवाणीने बोलता येत असे, त्या मुलुखात बघता बघता घरटी एक चेनसॉ-तज्ज्ञ उत्पन्न झाला. दोन करवत्यांनी आडव्या करवतीने अर्धा दिवस घाम गाळावा तेव्हा कोठे हलावयाचा असा बुंधा, रस्ते मोकळे करावयास आलेल्या एन.डी.आर.एफ.च्या जवानांनी चहाला आधण येईपर्यंत कापून बाजूला सारला. ते दृश्य ओटीवरून पाहणाऱ्या प्रत्येक बागायतदाराच्या मनात एकाच वेळी एकच विचार आला, की हे यंत्र आपल्या पडवीत असले पाहिजे. त्या विचाराला लगोलग दुसरा चिकटून आला, आणि तो पहिल्याहून अधिक मराठी होता: पण टिकेल ना?

आमच्या वाडीत हा दुसरा विचार तडीस नेण्याचे काम मामलेदार कचेरीतून सेवानिवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांनी अंगावर घेतले. उभी हयात कचेरीत गेल्यामुळे वाडी त्यांना रावसाहेब म्हणते आणि तेही त्यास हरकत घेत नाहीत. कोणतीही वस्तू खरेदी करण्यापूर्वी तिच्याविषयी एक मिसल तयार झाली पाहिजे, या खात्यातील शिरस्त्याप्रमाणे त्यांनी लाल कापडी पाठीची एक नोंदवही काढली, तीत घनसेंटिमीटर, अश्वशक्ती, वजन, बारची लांबी, कवच, कुळकथा, हमीची मुदत असे रकाने आखले आणि शेवटी, पानाची जवळजवळ एक-तृतीयांश रुंदी राखून, ‘शेरा’ हा रकाना ठेवला. कंपन्यांची माहितीपत्रके इंग्रजीत असल्यामुळे ती वाचून दाखविण्यासाठी माझी नेमणूक झाली. नेमणूक बिनपगारी होती. चहा आणि प्रसंगी घावन एवढाच भत्ता मंजूर होता.

या यंत्रांच्या जगाशी ज्याचा परिचय नाही त्याच्यासाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. चेनसॉचे तीन बांधे असतात. तीस-चाळीस घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा लहान बांधा परसातल्या फांद्या छाटण्यासाठी, सत्तर आणि त्यावरचा थोर बांधा जंगलातल्या महावृक्षांसाठी, आणि या दोहोंमध्ये पन्नास ते साठ घनसेंटिमीटरचा, बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) व साखळी सोडून पाच-सहा किलो वजनाचा, सोळा ते वीस इंची बार बाळगणारा मध्यम बांधा. पहिला घेणाऱ्याला आपली गरज ठाऊक असते आणि तिसरा घेणाऱ्याला आपला धंदा ठाऊक असतो. मधला घेणारा मात्र असा गृहस्थ असतो की ज्याला वर्षातून चार ओंडके कापावयाचे असतात, परंतु प्रसंग पडला तर आपण अरण्यही कापू शकू अशी सोय करून ठेवावयाची असते. कंपन्यांना हे मन पक्के कळलेले आहे. म्हणूनच लहान यंत्रांना त्या बहुधा नुसते अंक देतात, मोठ्यांनाही बहुधा नुसते अंक देतात, आणि मधल्यांना अंकांखेरीज ‘फार्म बॉस’, ‘रँचर’ असे किताब बहाल करतात. चार एकर जमीन असणाऱ्याला चारशे एकरांचा रुबाब फुकटात मिळतो. मिळत नाही ती फक्त जमीन.

या मधल्या बांध्यातही दोन प्रती असतात आणि रावसाहेबांच्या नोंदवहीची पहिली अडचण तेथेच उभी राहिली. श्टील कंपनीच्या एम.एस. 290 या शेतकरी प्रतीच्या यंत्राचे इंजिन 56.5 घनसेंटिमीटरचे, वजन सहा किलोंच्या घरात आणि ताकद पावणेचार अश्वशक्तीच्या आसपास. त्याच कंपनीच्या एम.एस. 261 या व्यावसायिक प्रतीच्या यंत्राचे इंजिन 50.2 घनसेंटिमीटरचे, वजन सुमारे पाच किलो, ताकद चार अश्वशक्तीच्या आसपास, आणि किंमत मात्र अधिक. इंजिन लहान, वजन कमी, जोर जास्त आणि दामही जास्त, हा हिशेब ज्या माणसाने जन्मभर ‘क्षेत्र जितके मोठे तितका आकार मोठा’ या न्यायाने जमीनमहसूल वसूल केला त्याच्या गळी उतरेना. त्यांनी त्या दोन्ही ओळींना लाल पेन्सिलीने खूण केली, ‘मुद्रणदोष? खात्री करावी’ असा शेरा मारला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मीच कोठे तरी सातबाऱ्यात फेरफार केला होता.

मुद्रणदोष नव्हता. खात्री करण्यासाठी आम्ही शहरगावी अशा यंत्रांची विक्री आणि दुरुस्ती करणाऱ्या एका दुकानात गेलो. तेथे कारागिराच्या टेबलावर योगायोगाने दोन्ही प्रतींची दोन जुनी यंत्रे उघडून ठेवलेली होती, आणि त्या टेबलावर जे दिसले ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नव्हते. व्यावसायिक यंत्राचे पोट मॅग्नेशियमच्या दोन उभ्या अर्ध्या कवचांचे होते; ती दोन अर्धी एकमेकांस स्क्रूंनी जोडली की त्यांच्यामध्ये क्रँकशाफ्टची कोठडी आपोआप तयार होते आणि तेच कवच यंत्राचे शरीरही होते, म्हणजे इंजिन आणि यंत्र यांत द्वैत नाही. शेतकरी प्रतीच्या यंत्रात इंजिन हा एक वेगळा, आटोपशीर गठ्ठा होता. सिलिंडरची खालची बाजू आणि तिला तळाशी बोल्टांनी आवळलेली एक धातूची ताटली एवढ्यात क्रँकशाफ्ट मावलेला होता, आणि हा गठ्ठा तंतुमिश्रित नायलॉनच्या कवचात बसविलेला होता. कारागिराने चार बोल्ट काढले, गठ्ठा उचलून बाजूला ठेवला आणि रिकामे कवच रावसाहेबांच्या हाती दिले. रावसाहेबांनी त्यावर टिचकी मारली. टिचकीचा आवाज प्लॅस्टिकच्या बादलीचा आला आणि रावसाहेबांचा चेहरा हुंडीवर खोटी सही निघालेल्या सराफासारखा झाला.

वस्तुतः त्या कवचावर एवढे रुष्ट होण्याचे कारण नव्हते. तंतुमिश्रित नायलॉन आपटले तर दबते आणि पुन्हा मूळ आकारास येते, गंजत नाही, आणि हाताला थंडीत गार किंवा उन्हात तापलेले लागत नाही. त्याचे खरे वैरी दोन. एक, दिवसचे दिवस न थांबता चालणाऱ्या इंजिनाची उष्णता, आणि दुसरा, स्क्रू अवाजवी आवळून प्लॅस्टिकमधले आटे उडवून देणारा उत्साही मालक. उलटपक्षी ज्या मॅग्नेशियमपुढे रावसाहेब नतमस्तक झाले, ते काही पोलाद नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत विज्ञानाचे मास्तर चिमट्यात धरून डोळे दिपविणारा पांढरा उजेड करून दाखवीत, त्याच फितीचा तो धातू. तो ॲल्युमिनियमहूनही हलका आहे, आणि व्यावसायिक यंत्र एकूण एका किलोने हलके. दिवसाला आठ तास यंत्र उचलणाऱ्याला तो एक किलो सायंकाळी कमरेत जाणवतो. वर्षाला आठ तास उचलणाऱ्याला तो फक्त किमतीत जाणवतो. हे मी रावसाहेबांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि कवच या रकान्यात ‘प्लॅस्टिक’ हा शब्द अशा बारीक अक्षरांत लिहिला की त्यात त्या वस्तूची बदनामी पुरेपूर व्हावी.

एव्हाना यंत्रांची ख्याती जिल्हाभर पसरली होती आणि जो तो आपापल्या पंथाची दीक्षा देण्यास सिद्ध होता. कारण या व्यवसायात मुख्य संप्रदाय दोन, एक जर्मन श्टीलचा आणि दुसरा स्वीडिश हुस्कवर्नाचा, आणि त्यांच्यातील वाद हा जगात जेथे जेथे लाकूड तुटते तेथे तेथे शैव-वैष्णवांच्या वादाच्या तोलाने चालतो. गंमत अशी की दोघांची वस्त्रे केशरीच. एकाने केशरीवर पांढुरका शेला घेतला आहे, दुसरा नखशिखांत केशरी आहे, आणि तेवढ्या शेल्यावरून अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतापासून कोकणापर्यंत सज्जनांची बोलणी बंद झालेली आहेत. एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या यंत्राचा कधी अपमान करीत नाही. तो फक्त एवढेच म्हणतो की, ‘वाईट नाही, पण सुटे भाग मिळतात का तुमच्याकडे?’ या प्रश्नातील सहानुभूती सहन करणे शिवीपेक्षा कठीण असते.

रावसाहेबांनी वाद मिटविण्यासाठी कुळकथेचा रकाना भरावयास घेतला, कारण वतनाचा तंटा हा अखेर सनदेवर तुटतो अशी त्यांची श्रद्धा. आणि सनदेच्या बाबतीत हुस्कवर्नाचा हात धरणे कोणालाही शक्य नाही. संभाजी महाराजांना औरंगजेबाने ज्या वर्षी ठार मारविले, त्याच 1689 साली स्वीडनच्या राजसत्तेने आपल्या फौजेच्या बंदुका घडविण्यासाठी एका धबधब्याच्या काठी कारखाना घातला. पाण्याच्या जोरावर तेथे बंदुकीच्या नळ्या कोरल्या जात. पुढे 1872 पासून तेथे शिवणयंत्रे झाली, 1896 पासून सायकली, 1903 पासून मोटारसायकली आणि अखेर 1959 साली पहिली चेनसॉ. त्या मानाने श्टील अगदी अलीकडचा. झुरिकमध्ये 1896 साली जन्मलेल्या आंद्रेआस श्टील या गृहस्थाने 1926 साली स्टुटगार्टला धंदा मांडला आणि पहिले यंत्र केले ते विजेवर चालणारे, दोन माणसांनी दोन टोकांस धरावयाचे. पुढल्याच वर्षी एमिल लेर्प नावाच्या दुसऱ्या जर्मनाने पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली आणि कंपनीला डोंगराचेच नाव दिले. ती डोल्मार 1991 साली जपानी माकिताच्या घरी गेली. मात्र धंद्याचे वय आणि करवतीचे वय या दोन गोष्टी रावसाहेबांसारख्या मुरलेल्या कारकुनानेही एकत्र केल्या होत्या. करवतींपुरते पाहिले तर हुस्कवर्नाने पहिली केली त्या 1959 सालीच श्टीलने गिअर काढून टाकलेले ‘कॉन्ट्रा’ हे बारा किलोंचे यंत्र बाजारात आणून एकट्या माणसाच्या तोडणीचा नूर बदलून टाकला होता. तेव्हा 1689 ची सनद बंदुकांच्या दाव्यात ग्राह्य. करवतींच्या दाव्यात ती पुरावा म्हणून दाखल करून घेता येणार नाही, असा अभिप्राय मी दिला. रावसाहेबांनी तो ‘विचाराधीन’ ठेवला.

खरे पाहता कुळकथेत सर्वांत थोर पुरुष या दोन्ही घराण्यांच्या बाहेरचा आहे आणि त्याने इंजिनाला हातही लावला नाही. ओरेगॉन प्रांतात ‘जो कॉक्स’ या नावाचा एक लाकूडतोड्या होता. त्या काळच्या साखळ्यांना आडव्या करवतीसारखे टोकदार दात असत आणि ते घासता घासता माणसाचा अर्धा दिवस जाई. 1946 साली एका कुजक्या बुंध्यात त्याला बोटभर लांबीची भुंग्याची अळी दिसली. ती लाकूड उभे-आडवे कसेही असो, डावीउजवीकडे जबडा चालवीत ते सारख्याच सहजतेने कोरीत होती. कॉक्सने त्या जबड्याची नक्कल पोलादात उतरवली, घराच्या तळघरात साखळ्या जोडून विकावयास प्रारंभ केला, आणि आज या जर्मन-स्वीडिश वादात उभे असलेले दोन्ही पक्ष ज्या दातांनी लाकूड खातात ते मुळात त्या अळीचे आहेत. ती अळी लांब मिशांच्या भुंग्यांच्या ज्या कुळातली, त्याच कुळातले भिरूड आमच्या हापूसच्या खोडात शिरते आणि भोकातून भुसा बाहेर टाकीत उभे झाड आतून पोखरते. ज्या प्राण्याच्या नायनाटासाठी कोकणातला बागायतदार पिढ्यान् पिढ्या तारा आणि औषधे घेऊन धावत आला, त्याच्याच भाऊबंदाचा जबडा तो आता पदरचे पैसे मोजून विकत घेतो, हे मी सांगितल्यावर रावसाहेब बराच वेळ आपल्या कलमांकडे पाहत राहिले. (याहून मागे गेल्यास कुळकथा प्रसूतिगृहात पोहोचते. साखळीला दात लावून हाताने ओढावयाची करवत अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील दोन शल्यवैद्यांनी अडलेल्या बाळंतिणीच्या कटीचा सांधा मोकळा करण्यासाठी योजिली होती. हा भाग माजघरात ऐकू जाईल म्हणून वाचनातून वगळण्याचा हुकूम झाला.)

टिकाऊपणाविषयी कंपन्या स्वतः काय म्हणतात, हा प्रश्न विचारणे आम्हांला सर्वांत शेवटी सुचले. अमेरिकेत अशा प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठी असते आणि तीवर यंत्र कोणत्या वर्गात बसते ते नमूद असते: 50 तास, 125 तास किंवा 300 तास. हा आकडा इंजिनाच्या आयुष्याचा नव्हे. एवढे तास त्याच्या धुराचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेत राहील, एवढेच त्याचे तात्पर्य. पण रावसाहेबांनी 300 तासांना चोविसाने भागून ‘साडेबारा दिवस’ असे उत्तर काढले आणि ते धक्क्यातून सावरेपर्यंत घावन निवून गेले. माझ्या दृष्टीने याहून उद्बोधक गोष्ट हमीच्या रकान्यात निघाली. श्टील कंपनी अमेरिकेत गिऱ्हाइकाला अशी सवलत देत आली आहे की, यंत्राबरोबर कंपनीच्या विशिष्ट ऑइलच्या सहा बाटल्यांचा संच घेतल्यास हमीची मुदत दुप्पट. यंत्र तेच, कवच तेच, कारागीर तेच. बदलते ते फक्त मालकाच्या हाती लागणारे ऑइल. ज्यांनी ते यंत्र घडविले त्यांचा भरवसा स्वतःच्या धातूवर किती आणि मालकाच्या बाटलीवर किती, याचा इतका स्पष्ट कबुलीजबाब सहसा लेखी मिळत नाही.

तो कबुलीजबाब समजून घेण्यासाठी आमच्या खालच्या वाडीतील मशीनवाल्याकडे जावे लागते. याच्याजवळ जे यंत्र आहे त्याला कुळ नाही. 58 घनसेंटिमीटरची, बावीस इंची बारची ही चिनी यंत्रे बाजारात नाना नावांनी आणि नाना रंगांत येतात. नावाची पट्टी सोलून काढली की सगळी सख्खी भावंडे निघतात, आणि युरोपातल्या एका यंत्राच्या किमतीत त्यांची अख्खी पंगत बसते. याच्या यंत्रावरची पट्टी केव्हाच गळून पडली आहे. मागच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे, टाकीचे झाकण दुसऱ्याच कोणत्या तरी यंत्राचे आहे, आणि जेथे ठेवावे तेथे ते ऑइलचा एक पवित्र ठसा उमटवून जाते. (हा दोष मात्र एकट्या त्याचा नव्हे. साखळीला ऑइल पुरविणारी टाकी उभ्या उभ्या पाझरणे हा या यंत्रजातीचा जन्मसिद्ध हक्क असून त्या बाबतीत राजघराणे आणि अनाथ यांत भेद नाही.) वादळानंतर सुपारीचे, आंब्याचे, फणसाचे किती बुंधे या यंत्राने खाल्ले याची मोजदाद कोणी केली नाही, आणि नारळाच्या खोडाचा बाहेरचा थर तर साखळीची धार बघता बघता उतरवणारा, पण ते आजही दुसऱ्या झटक्याला सुरू होते.

त्याला काम करताना जवळून पाहिल्यास कारण कळते. टाकी रिकामी झाली की तो यंत्र ओंडक्यावर ठेवून गुडघ्यांत धरतो, कमरेच्या पिशवीतून पेन्सिलीएवढी गोल कानस काढतो आणि एका बाजूचे दात, प्रत्येकाला आतून बाहेर अशा दोन-तीन सारख्या ओढी देत, पुरे करतो. मग फिरून दुसऱ्या अंगाला बसून उरलेले. अंगठ्याने धार पाहतो, पण खरी परीक्षा तो कापताना पायांशी काय पडते त्यावरून करतो. ढलप्या पडत आहेत तोवर साखळी जिवंत. पीठ पडू लागले की थांबायचे. जो थांबत नाही तो यंत्रावर रेलतो, रेलल्याने इंजिन तापते, तापल्याने पिस्टनवर ओरखडे उठतात, आणि मग तो गृहस्थ प्लॅस्टिकच्या कवचाला बोल लावीत दुकानात येतो. पेट्रोल तो खोकल्याच्या औषधाच्या मापाने ऑइल मोजून, बाटली हलवून, लागेल तेवढेच बनवतो आणि काम संपले की टाकी ओतून इंजिन कोरडे पडेपर्यंत चालू ठेवतो. दोन-ठोक्यांच्या इंजिनात वंगणाचा वेगळा साठा नसतो; पेट्रोलात लिटरला वीस-चाळीस मिलिलिटर ऑइल मिसळले असेल तेच पिस्टनला मिळावयाचे. एके काळी हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होते, कारण पंपावर स्कूटर उभी राहिली की ‘ऑइल किती टाकू?’ हा प्रश्न ठरलेला असे. त्या स्कूटरी गेल्या आणि प्रश्नही गेला. आता गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या मोटारसायकलच्या टाकीतले निर्भेळ पेट्रोल काढून काकांच्या यंत्रात प्रेमाने ओततो, आणि मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारे ते इंजिन आरतीच्या आत निजधामास जाते.

निर्भेळ म्हणावे तर तेही पूर्वीसारखे राहिलेले नाही. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलला हवेतील पाण्याची ओढ; कोकणच्या पावसाळ्यात त्याला ओढून घेण्यासाठी पाण्याची वाण पडत नाही. जूनमध्ये अर्धी टाकी तशीच ठेवून पडवीत टांगलेले यंत्र दसऱ्याला उतरवले की जो सोहळा होतो तो पाहण्यासारखा असतो. मालक दोरी ओढून थकतो, मग गडी ओढतो, मग रस्त्याने जाणारा पोस्टमन ओढून पाहतो, प्रत्येक जण चोक उलट दिशेला असल्याचे निदान करतो, प्लग काढून टॉवेलाला पुसला जातो, हुंगला जातो, हातोहात फिरतो, आणि अखेरीस सर्वानुमते ठरते की कंपनीने माल हलका वापरला.

मी मशीनवाल्याला विचारले, “यात सगळ्यांत टिकाऊ मशीन कुठलं रे?”

“जे कोनाला उसनं दिलं नाय ते,” तो कानस पुशीत म्हणाला, आणि हे रावसाहेबांनी शेऱ्यात लिहून घेतले नाही, कारण मजकूर कोणत्याही रकान्याखाली येत नव्हता.

अखेर खरेदी झाली. कोणत्या पंथाची ते मी येथे लिहीत नाही, कारण मला दोन्ही पंथांच्या घरी जेवावयास जाणे भाग आहे. यंत्र व्यावसायिक प्रतीचे, मॅग्नेशियमच्या पोटाचे, आणि आमच्या वाडीच्या गरजेच्या कितीतरी वरचे आहे. ते आले तेव्हा नारळ वाढवला, मुठीवरचे प्लॅस्टिकचे वेष्टण काढावयाचे नाही अशी घरात ताकीद दिली गेली, आणि यंत्र लोखंडी कपाटात, थर्मोकोलसकट, खरेदीखताच्या शेजारी विराजमान झाले.

त्यानंतर घरामागचा फणस वाळला. फणस तोडावयाचा तर महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, 1964 खाली परवानगी लागते. रावसाहेबांनी तो अर्ज कार्यालयातील कोणत्याही कारकुनाला दोष काढता येणार नाही अशा भाषेत लिहिला आणि शिक्क्यासह परवानगी आणली. फिलिपिन्स देशात 2002 च्या कायद्याने खुद्द चेनसॉचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते, हे मी सांगितले तेव्हा त्या देशाविषयी त्यांचे मत फार अनुकूल झाले. तोडणीच्या दिवशी मी उत्सुकतेने गेलो, तर फणसाखाली खालच्या वाडीचा मशीनवाला आपले अनाथ यंत्र घेऊन उभा. कपाटाला कुलूप होते.

“नवं मशीन आहे,” रावसाहेब म्हणाले, “पहिल्याच दिवशी फणसाला कसं घालायचं? चीक असतो त्याला.”

मशीनवाल्याने ते न्यायाचे मानले आणि कामास लागला. वरच्या फांद्या झाल्या, खोडाचे दोन तुकडे झाले, आणि तिसऱ्याच्या वेळी साखळी ढिली पडली म्हणून बारचे दोन नट सैल करताना त्यातला एक भुशात पडला. भुशात पडलेला नट हा पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा होतो, मग तो जर्मन असो वा चिनी. आम्ही सगळ्यांनी ओणवून, पाय न हलवता, चाळणीने सुद्धा शोधला. शेवटी मशीनवाला उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “रावसाहेब, तुमच्या मशीनचा एक नट द्या की. आठ एम.एम.चाच हाय, बसतो याला.”

रावसाहेब काही वेळ फणसाकडे आणि काही वेळ कपाटाच्या दिशेने पाहत राहिले. मग कमरेची किल्ली काढून आत गेले, थर्मोकोलचा करकर आवाज झाला, आणि बाहेर आले तेव्हा एका हातात चकचकीत नट होता व दुसऱ्या हातात नोंदवही. मशीनवाल्याचा अंगठा नको, सही चालेल, असे सांगून त्यांनी आमच्यादेखत शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘नट, नग एक, हातउसना दिला. सुस्थितीत परत घ्यावा.’